सहा जणांची क्रूझ आणि हिशेबाची वही

२०२४ च्या दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, आम्ही सहा जण सिंगापूरहून निघून मलेशियातले पिनांग आणि थायलंडमधले फुकेत करून पुन्हा सिंगापूरला येणाऱ्या चार रात्रींच्या क्रूझवर गेलो होतो. सहा जण म्हणजे मी, माझे पती, तेरा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा, सासूबाई आणि त्यांची धाकटी बहीण, म्हणजे आमच्या मावशी. प्रवासाचा सगळा हिशेब मी एका वहीत लिहिला होता. परत आल्यावर ओळखीच्या अनेकांनी किती खर्च आला, कुठे वाचला आणि कुठे उगाच गेला हे विचारले, तेव्हा ती वहीच पुढे ठेवून सांगावे असे वाटले. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सुरुवात जाहिरातीतल्या आकड्यापासून करावी लागेल. मे महिन्यात ठाण्यातल्या एका प्रवासी एजंटाने आम्हाला ‘माणशी ३६ हजारांपासून’ असा भाव सांगितला. सहा जणांचे दोन लाख सोळा हजार होतील असे धरून आम्ही आनंदाने घरी आलो. दोन दिवसांनी लेखी कोटेशन मागितल्यावर त्यात बंदर शुल्क, कर्मचाऱ्यांसाठीची बक्षिसी, वस्तू व सेवा कर आणि टीसीएस (म्हणजे विक्रेत्याने बिलासोबतच गोळा करायचा आगाऊ आयकर) यांपैकी एकही रक्कम मिळवलेली नव्हती. तळाशी बारीक अक्षरांत ‘शुल्क अतिरिक्त’ एवढेच लिहिले होते. या गृहस्थांना मी तीन वेळा विचारले, तिन्ही वेळा ‘ते नंतर बघू’ असे उत्तर आले, आणि मग आम्ही दुसऱ्या एजंटाकडे गेलो, ज्याने पहिल्याच भेटीत प्रत्येक रक्कम वेगळ्या ओळीत लिहून दिली. क्रूझ घेणाऱ्या प्रत्येकाने ही मांडणी आधी मागून घ्यावी असे मला मनापासून वाटते, कारण दोन एजंटांच्या किंवा दोन कंपन्यांच्या भावांची खरी तुलना तळाच्या बेरजेवरच करता येते.

आमची बेरीज अशी होती. आतल्या, म्हणजे खिडकी नसलेल्या, केबिनचे मूळ भाडे माणशी ३९० अमेरिकी डॉलर होते. केबिनमधल्या तिसऱ्या माणसाला ते २४० डॉलर पडले. बंदर शुल्क आणि कर माणशी ११५ डॉलर होते. बक्षिसी माणशी रात्रीला १८ डॉलर, म्हणजे चार रात्रींचे ७२ डॉलर. सहा जणांचे सगळे मिळून ३,१६२ डॉलर, त्या वेळच्या सुमारे ८४ रुपयांच्या दराने दोन लाख पासष्ट हजारांच्या वर, आणि त्यावर वस्तू व सेवा कर धरून जवळजवळ दोन लाख एकोणऐंशी हजार. माणशी ३६ हजारांचे साडेशेहेचाळीस हजार झाले, आणि तेही तिसऱ्या माणसाची सवलत मिळून. विमानभाडे, व्हिसा, सिंगापूरमधला मुक्काम हे सगळे यापलीकडचे.

त्याशिवाय टीसीएसची रक्कम भरावी लागली. परदेशी सहलीचे पॅकेज भारतातल्या एजंटाकडून घेतले की त्यावर तो आयकर खात्यासाठी ही रक्कम गोळा करतो. त्या आर्थिक वर्षात सात लाखांपर्यंत ती पाच टक्के होती, त्यापुढे वीस टक्के. आमचे सुमारे चौदा हजार रुपये त्यात गेले. हा खर्च नव्हे. ज्याच्या पॅनवर बिल असेल त्याच्या करात ही रक्कम वळती होते किंवा विवरणपत्र भरल्यावर परत मिळते. मात्र बिल कोणाच्या पॅनवर करायचे हे आधी ठरवावे लागते. सासूबाई विवरणपत्र भरत नाहीत, त्यामुळे त्यांच्या नावावर काहीही न घेता सगळे बिल आम्ही माझ्या पतींच्या पॅनवर करून घेतले. दर आणि मर्यादा बदलत राहतात, म्हणून आरक्षणाच्या वेळी चालू वर्षाचा नियम विचारून घ्यावा.

भाडे कसे आकारतात हे समजले तेव्हाच मावशींचे येणे ठरले. क्रूझवर केबिनचे भाडे दोन माणसांचे असते. एकच माणूस राहिला तरी बहुतेक वेळा दोघांचे भाडे द्यावे लागते. तिसरा आणि चौथा माणूस त्याच केबिनमध्ये आला तर त्याला बरेच कमी पडते. सुरुवातीला आम्ही पाच जण जाणार होतो आणि सासूबाईंना स्वतंत्र केबिन द्यायची होती, म्हणजे त्यांच्या एकट्यासाठी ७८० डॉलर. मावशी त्यांच्यासोबत आल्या तेव्हा केबिनचे भाडे एका डॉलरनेही वाढले नाही. वाढले ते मावशींचे बंदर शुल्क आणि बक्षिसी, मिळून १८७ डॉलर. दोघी बहिणी चाळीस वर्षांत एकत्र कुठे गेल्या नव्हत्या. त्या साडेपंधरा-सोळा हजारांत त्यांना चार दिवस एकत्र मिळाले, ही माझ्या वहीतली मला सर्वांत आवडलेली नोंद आहे.

पुढे आणखी एक गोष्ट लक्षात आली. आम्ही चौघे एका केबिनमध्ये आणि त्या दोघी दुसऱ्या, अशी मूळ वाटणी होती. मुलीला आजीच्या केबिनमध्ये पाठवून तीन-तीन केले तरी रक्कम तीच राहते, कारण दोन्ही प्रकारांत पूर्ण भाड्याचे चार आणि सवलतीचे दोनच प्रवासी होतात. आतल्या केबिनमध्ये दोन पलंग आणि वर रेल्वेच्या बर्थसारखे भिंतीत घडी होणारे बिछाने असतात. चार माणसे, चार बॅगा आणि एक अरुंद न्हाणीघर यांत वावरणे कठीण गेले असते. तिघांना ती जागा पुरली.

खिडकी किंवा बाल्कनी घ्यावी का, यावर घरात बरीच चर्चा झाली. बाल्कनीसाठी माणशी जवळजवळ दुप्पट भाडे होते. दोन दिवस बंदरावर उतरणार, संध्याकाळी कार्यक्रम पाहणार आणि रात्री झोपणार, मग केबिनमध्ये जागे राहून समुद्र पाहणे किती होणार, असा विचार करून आम्ही आतलीच केबिन घेतली, आणि त्याचा पश्चात्ताप झाला नाही. आतल्या केबिनमध्ये दिवा मालवला की दिवस-रात्र काही कळत नाही. केबिनमधल्या टीव्हीवर जहाजाच्या पुढच्या कॅमेऱ्याचे चित्र दाखवणारी वाहिनी असते. ती आवाज बंद करून रात्रभर चालू ठेवली की पहाटे उजाडलेले दिसते. सात-आठ रात्रींचा प्रवास असता, किंवा कोणाला बंद जागेची भीती असती, तर मी बाल्कनीसाठी पैसे घातले असते. ‘केबिन क्रमांक आम्ही नंतर देऊ’ या अटीवर आणखी स्वस्त भाडेही मिळत होते. दोन तरुण माणसांनी ते जरूर घ्यावे. आम्हाला मात्र दोन्ही केबिन शेजारी हव्या होत्या आणि वयस्कर मंडळींसाठी जहाजाच्या मध्यभागी, खालच्या डेकवर हव्या होत्या, कारण तिथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. केबिन निवडताना जहाजाचा नकाशा उघडून तिच्या वर आणि खाली काय आहे तेही पाहावे. वर पोहण्याचा तलाव किंवा खाली नाट्यगृह असेल तर झोपेचे हाल होतात. वर आणि खाली प्रवाशांच्या केबिनच असतील, अशी जागा शोधावी.

तारीख निवडतानाही पैसे वाचले. सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजांचे भाव तिथल्या शाळांच्या सुट्ट्यांत आणि चिनी नववर्षाच्या सुमारास चढतात. त्यांची वर्षअखेरची मोठी सुट्टी नोव्हेंबरच्या उत्तरार्धात सुरू होते, आणि आपली दिवाळीची सुट्टी त्याआधी येते. आम्ही रविवारी निघून गुरुवारी परतणारी फेरी घेतली. शुक्रवार-शनिवार धरून जाणाऱ्या फेऱ्या महाग होत्या. आरक्षण मे महिन्यात केले तेव्हा भाडे माणशी ४३० डॉलर होते. जुलैमध्ये कंपनीच्या संकेतस्थळावर तीच केबिन ३९० ला दिसली. अंतिम रक्कम भरण्याची मुदत अजून उलटली नव्हती, म्हणून एजंटाला सांगून नव्या भावाने बिल करून घेतले आणि चार पूर्ण भाड्यांवर १६० डॉलर, म्हणजे तेरा हजारांहून अधिक रुपये वाचले. ही मुदत एकदा गेली की भाव कितीही उतरला तरी उपयोग नसतो. तोपर्यंत आठवड्यातून एकदा भाव पाहण्याची सवय मी लावून घेतली होती.

कागदपत्रांत एका बाबीवर विशेष लक्ष द्यावे लागते. क्रूझ सिंगापूरहून सुटून सिंगापूरलाच येत असल्यामुळे आपण त्या देशात दोनदा प्रवेश करतो. व्हिसावर एकापेक्षा अधिक प्रवेशांची मुभा आहे ना, आणि त्याची मुदत परतीच्या दिवसापर्यंत आहे ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी वाचून घ्यावे. मलेशियाने भारतीयांना १ डिसेंबर २०२३ पासून व्हिसाशिवाय प्रवेश दिला होता आणि थायलंडमध्येही त्या वेळी व्हिसा लागत नव्हता, त्यामुळे आमचा तेवढा खर्च टळला. पुढे जाणाऱ्यांनी त्या त्या वेळचा नियम पाहावा. सिंगापूरचे आगमनपत्र ऑनलाइन भरायचे असते, येण्याच्या आधीच्या तीन दिवसांत, आणि ते पूर्णपणे मोफत आहे. इंटरनेटवर शोधले की त्यासाठी पैसे घेणारी खासगी संकेतस्थळे वर दिसतात, म्हणून सरकारी संकेतस्थळावरच भरावे. विमानाने येताना एकदा आणि जहाजावरून परत येताना पुन्हा एकदा, असे ते दोनदा भरावे लागते. दुसरे पत्र आम्ही जहाजावरच्या इंटरनेटवरून भरले.

प्रवासविमा घेताना त्यात क्रूझचा उल्लेख आहे का ते तपासले. जहाजावर दवाखाना असतो, परंतु तिथले दर फार चढे असतात आणि पैसे आधी आपल्या खात्यातून जातात, मग पावत्या जोडून विम्याकडे मागायचे. सासूबाईंना रक्तदाबाचा त्रास आहे. त्यांच्या गोळ्या दुप्पट दिवसांच्या घेतल्या, औषधचिठ्ठी सोबत ठेवली आणि बोट लागू नये म्हणून डॉक्टरांना विचारून गोळ्या आणल्या. मलाक्काची सामुद्रधुनी दोन्ही बाजूंनी जमिनीने वेढलेली असल्याने तिथे समुद्र शांत होता; फुकेतकडे जाताना मात्र हेलकावे जाणवले आणि मावशींना एक गोळी घ्यावी लागली.

सामानात आमच्या घरच्या सवयीप्रमाणे विजेची किटली होती. ती सुरक्षा तपासणीत काढून घेतली आणि शेवटच्या दिवशी परत दिली. आगीच्या भीतीमुळे किटली, इस्त्री आणि साधे एक्स्टेन्शन बोर्ड जहाजावर चालत नाहीत. केबिनमध्ये प्लगच्या जागा दोन-तीनच असतात, त्यामुळे चार यूएसबी जागा असलेला एक चार्जर आणि एक अ‍ॅडॅप्टर प्रत्येक केबिनला घ्यावा. घरी केलेले खाद्यपदार्थ नेता येत नाहीत, परंतु कारखान्यात सीलबंद केलेली पाकिटे नेता आली. राजगिऱ्याच्या लाडवांची पाकिटे आणि खजूर मी मुद्दाम घेतले होते, कारण मंगळवारी, १२ नोव्हेंबरला, कार्तिकी एकादशी होती आणि दोघी बहिणींचा उपवास होता. त्या दिवशी बुफेमध्ये दही, केळी, पपई, कलिंगड आणि उकडलेले बटाटे मिळाले. मुख्य भोजनगृहात पहिल्याच रात्री मुख्य वाढप्याला उपवासाचे सांगून ठेवले होते. त्याने त्या दिवशी दोघींसाठी फळांची ताटे वेगळी लावून आणली. शाकाहारी, जैन किंवा कांदा-लसूण नसलेले जेवण हवे असेल तर आरक्षण करतानाच नोंदवावे आणि पहिल्या रात्री पुन्हा तोंडी सांगावे, म्हणजे स्वयंपाकघराला तयारीला वेळ मिळतो आणि वेगळे पैसे पडत नाहीत.

आम्ही जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशी सिंगापूरला पोहोचलो. त्याच दिवशीचे विमान घेतले असते तर हॉटेलचे पैसे वाचले असते हे खरे, परंतु विमानाला उशीर झाला तर जहाज थांबत नाही आणि भरलेले सगळे पैसे जातात. दोन लाख ऐंशी हजारांच्या प्रवासासाठी एका रात्रीचा खर्च मी आवश्यक मानला. लिटल इंडियामधल्या साध्या हॉटेलात राहिलो. तिथून मेट्रोने धोबी घाट स्थानकावर गाडी बदलून लाल मार्गाच्या शेवटच्या मरिना साउथ पिअर स्थानकावर उतरले की मरिना बे क्रूझ सेंटर चालण्याच्या अंतरावर आहे. प्रत्येकाकडे चाकांची एकच बॅग ठेवल्यामुळे सहा जणांसाठी मोठी टॅक्सी करावी लागली नाही. धोबी घाट हे नाव ऐकून दोघी बहिणी थांबल्या आणि पाटीचा फोटो काढून घेतला.

दुपारी बारा वाजता चढण्याची वेळ आम्ही ऑनलाइन नोंदवली होती. जेवणाचे पैसे भाड्यात धरलेले असतात आणि बुफे दुपारीच सुरू होतो, त्यामुळे लवकर चढले की बाहेरचे एक जेवण वाचते. मोठ्या बॅगा बंदरावरच घेतात आणि त्या संध्याकाळपर्यंत केबिनसमोर येतात. औषधे, पासपोर्ट, चार्जर आणि मुलांचे पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीत असतील तर दुपार वाया जात नाही. चढल्याबरोबर सुरक्षेचे प्रात्यक्षिक पूर्ण करावे लागते. त्यात जीवरक्षक जॅकेट कसे घालायचे आणि धोक्याच्या वेळी कुठे जमायचे हे दाखवतात. मुलांना घेऊन ते लक्षपूर्वक करावे; २०१२ मध्ये इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ बुडाले तेव्हा नुकत्याच चढलेल्या प्रवाशांचे प्रात्यक्षिक व्हायचे राहिले होते, आणि त्यानंतरच जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच ते घेण्याचा नियम जगभर कडक झाला.

जहाजावर रोख पैसे चालत नाहीत. प्रत्येकाला एक कार्ड मिळते, तेच केबिनची किल्ली आणि तेच खर्चाचे खाते असते. त्याला आपले क्रेडिट कार्ड जोडतात. डेबिट कार्ड जोडले तर बँक काही रक्कम अडवून ठेवते आणि ती मोकळी व्हायला अनेक दिवस लागतात, म्हणून परकीय चलनावर कमी शुल्क घेणारे क्रेडिट कार्ड आम्ही वापरले. मुलांच्या कार्डांवरही खर्चाची मुभा आपोआप सुरू असते हे मला ठाऊक नव्हते. पहिल्याच संध्याकाळी मुलाने खेळांच्या दालनात यंत्रावर कार्ड टेकवत टेकवत ३८ डॉलर खर्च केले. त्याच्या दृष्टीने ते केबिन उघडण्याचे कार्ड होते, त्यामुळे त्याला रागावण्याचे कारण नव्हते. रात्री मदतकक्षात जाऊन दोन्ही मुलांच्या कार्डांवरचा खर्च बंद करून घेतला. हे काम चढल्यानंतरच्या पहिल्या तासात करायला हवे होते.

पेयांच्या पॅकेजबद्दल फार आग्रह होतो. आमच्यापैकी कोणी मद्य घेत नाही, त्यामुळे मोठ्या पॅकेजचा प्रश्न नव्हता. घेणाऱ्यांनी मात्र एवढे पाहावे की एका केबिनमधल्या एका प्रौढाने घेतले तर दुसऱ्यालाही घ्यावे लागते, आणि दिसणाऱ्या किमतीवर १८ टक्के सेवाशुल्क चढते. मुलांसाठी शीतपेयांचे पॅकेज दिवसाला १३ डॉलर होते. दोघांचे चार दिवसांचे सेवाशुल्कासह जवळजवळ १२३ डॉलर झाले असते. ते न घेता मुलांना वाटेल तेव्हा एखादे पेय घेऊ दिले. चार दिवसांत त्यांनी पाच मॉकटेल घेतली, सगळी मिळून ४१ डॉलरची. बुफेतले पाणी, लिंबूसरबत, चहा आणि कॉफी भाड्यातच असतात. आपापली बाटली नेली की पाणी विकत घ्यावे लागत नाही.

इंटरनेट एकाच फोनसाठी, निघण्यापूर्वी ऑनलाइन, ७२ डॉलरला घेतले. जहाजावर तेच अधिक महाग होते. एका फोनवरून बाहेर पडून दुसऱ्यावर सुरू करता येत असल्याने सहा जणांना एक पुरले. मात्र सर्वांचे फोन बंदर सोडल्यापासून विमान मोडवर ठेवावेत. जहाजाचे स्वतःचे मोबाइल नेटवर्क उपग्रहावरून चालते, आपल्या कंपनीच्या नेहमीच्या परदेशी रोमिंग पॅकमध्ये ते सहसा येत नाही, आणि फोन खिशात असतानाच त्याचे बिल वाढत राहते.

पिनांगला जहाज जॉर्ज टाउनमधल्या स्वेटनहॅम धक्क्याला लागले. जहाजाची तिथली सहल माणशी ६९ डॉलर होती, सहा जणांचे सुमारे पस्तीस हजार रुपये. नकाशा पाहिल्यावर समजले की युनेस्कोने २००८ मध्ये जागतिक वारसा म्हणून नोंदवलेले जुने शहर धक्क्याच्या दारापासूनच सुरू होते. आम्ही पायीच निघालो. फोर्ट कॉर्नवॉलिस, कपितान केलिंग मशीद, आर्मेनियन स्ट्रीटवरची भित्तिचित्रे, पाण्यात खांबांवर उभी असलेली च्यू कुळाची वस्ती, हे सगळे सावकाश चालत, मध्ये मध्ये बसत पाहिले. सासूबाई दमल्या तेव्हा जुन्या शहरातून फिरणाऱ्या मोफत बसमध्ये बसलो. दुपारी तिथल्या लिटल इंडियामध्ये केळीच्या पानावर जेवलो आणि महामारिअम्मन देवळात जाऊन आलो. जेवण, एक संग्रहालय आणि परतताना दोन टॅक्सी धरून दिवसाचे २१० रिंगिट झाले, म्हणजे सुमारे चार हजार रुपये. पिनांगची टेकडी आणि तिथली १९२३ पासूनची केबल रेल्वे पाहायची राहिली. ती शहरापासून दूर आहे. वेळेचा ताण घेऊन तिथे जाण्यापेक्षा धक्क्याजवळचे नीट पाहणे आम्हाला बरे वाटले.

फुकेतचा दिवस वेगळा होता. तिथे जहाज पातोंगच्या उपसागरात दूर नांगर टाकते आणि प्रवाशांना छोट्या बोटींतून किनाऱ्यावर नेते. सासूबाई मालवणच्या. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून कोकणच्या बोटीने त्या गावी जात, तेव्हा मालवणला बोट समुद्रात उभी राहायची आणि माणसे मचव्यात उतरवून किनाऱ्याला न्यायची. डेकवर उभ्या राहून त्या मावशींना म्हणाल्या, “अगं, हा तर आपला मचवाच!” उपवास आणि गुडघेदुखी यांमुळे दोघी जहाजावरच राहिल्या. बहुतेक प्रवासी उतरल्यामुळे तलाव, बुफे, बसण्याच्या जागा सगळे रिकामे होते, आणि त्यांचा तो दिवस पूर्ण विश्रांतीचा गेला.

आम्ही चौघे पातोंगच्या वाळूवर गेलो, आणि इथे माझ्याकडून या प्रवासातली सर्वांत गंभीर चूक होता होता राहिली. जहाजाचे घड्याळ चारही दिवस सिंगापूरच्या वेळेवर होते. थायलंडची वेळ त्याहून एक तास मागे आहे, आणि किनाऱ्यावरचे नेटवर्क मिळताच माझ्या फोनने आपोआप तिथली वेळ घेतली. शेवटची बोट जहाजाच्या वेळेप्रमाणे साडेचारला होती. माझ्या फोनवर तीन वाजून पाच मिनिटे झाली होती, म्हणून मी मुलांना आणखी अर्धा तास पाण्यात खेळायला सांगितले. माझ्या पतींनी मनगटी घड्याळ मुद्दाम जहाजाच्या वेळेवर ठेवले होते. त्यांनी ते दाखवले तेव्हा चार वाजून पाच मिनिटे झाली होती. मला वाटत होते त्या सव्वा तासाहून अधिक वेळाऐवजी आमच्याकडे पंचवीस मिनिटेच उरली होती. ओल्या कपड्यांनीच मुलांना घेऊन आम्ही निघालो आणि बोट मिळाली. ती चुकली असती तर पासपोर्ट, तिकिटे, दुसऱ्या देशातून चौघांचे नव्याने काढावे लागणारे विमान आणि जहाजावर एकट्या राहिलेल्या दोन वयस्कर बायका, या सगळ्याचा विचार आजही अस्वस्थ करतो. म्हणून माझे म्हणणे आहे की एक साधे मनगटी घड्याळ, जे नेटवर्कवर चालत नाही, प्रत्येक क्रूझप्रवाशाने जहाजाच्या वेळेवर लावून जवळ ठेवावे.

याच कारणाने, स्वतः फिरणे आणि जहाजाची सहल घेणे यांतली निवड मी आता बंदर पाहून करते. धक्का शहराला लागून असेल तर स्वतः फिरावे. किनाऱ्यावर छोट्या बोटीतून जायचे असेल आणि पाहण्याचे ठिकाण दूर असेल, तर महाग वाटली तरी जहाजाचीच सहल घ्यावी, कारण तिच्या परतीला उशीर झाला तर सांभाळून घेण्याची जबाबदारी जहाजाची असते, आणि स्वतः गेलेल्या माणसासाठी ते थांबत नाही.

चौथा दिवस समुद्रावरच गेला. नाट्यगृहातले कार्यक्रम, वाचनाची जागा, मुलांचे खेळ हे सगळे भाड्यातलेच होते. लोकप्रिय कार्यक्रमांच्या जागा मात्र पहिल्या दिवशीच नोंदवाव्या लागतात. छायाचित्रकार सतत फोटो काढतात. ते काढू द्यावेत, विकत घेण्याचे बंधन नसते. आम्ही एकही घेतला नाही.

शेवटच्या रात्री झोपण्यापूर्वी मी मदतकक्षातून दोन्ही केबिनच्या खात्यांचा छापील हिशेब घेतला. मुलांची मॉकटेल आणि खेळांचे पैसे यांशिवाय त्यात पाण्याच्या दोन बाटल्यांचे नऊ डॉलर लागले होते, ज्या आम्ही घेतल्या नव्हत्या. तिथल्या मुलीने नोंद पाहिली आणि दोन मिनिटांत ती रक्कम वजा केली. सकाळी हिशेबासाठी भली मोठी रांग होती, आणि उतरण्याच्या घाईत एवढ्यासाठी कोणी उभे राहिले नसते. मोठ्या बॅगा रात्री केबिनबाहेर ठेवल्या तर त्या सकाळी बंदरावर मिळतात. आम्ही त्या स्वतःच घेऊन उतरलो, त्यामुळे पहिल्या गटात बाहेर पडता आले. परतीचे विमान दुपारी तीननंतरचे होते. सकाळचे विमान स्वस्त होते, पण जहाज लागल्यावर उतरायला आणि इमिग्रेशनला किती वेळ लागेल हे आपल्या हातात नसते.

विमानतळावर बसून वही पूर्ण केली. जहाजावर चढल्यानंतर आमच्या कार्डावर ७९ डॉलर लागले, आधी भरलेले इंटरनेटचे ७२ वेगळे. टीसीएसची ओळ तेवढी मोकळी ठेवली होती. पुढच्या वर्षी विवरणपत्र भरल्यानंतर ती रक्कम खात्यात जमा झाली, तेव्हा तारीख घालून तीही लिहून टाकली.